स्वतंत्र संचालक नेमका कोणाचा? सेबीचे अध्यक्ष आणि कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाचे सचिव यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सेबी, वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई
माननीय सचिव, कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

जुलै ते सप्टेंबर हा वार्षिक सभांचा हंगाम. भागधारकांच्या ईमेलमध्ये नोटिसांची रांग लागते आणि त्यांतल्या कितीतरी नोटिशींत एक विशेष ठराव ठरलेला असतो: अमुक अमुक यांची स्वतंत्र संचालक म्हणून पाच वर्षांसाठी नियुक्ती किंवा पुनर्नियुक्ती. सोबतच्या निवेदनात त्यांचं शिक्षण, अनुभव, इतर कंपन्यांतली पदं, आणि शेवटी तेच ते वाक्य, की संचालक मंडळाच्या मते ते कायद्याच्या सर्व अटी पूर्ण करतात व व्यवस्थापनापासून स्वतंत्र आहेत. आम्ही ई-व्होटिंगच्या पानावर जाऊन 'बाजूने' किंवा 'विरोधात' यांपैकी एकावर टिचकी मारतो. प्रवर्तकाकडे भरभक्कम हिस्सा असलेल्या कंपन्यांत त्या टिचकीने काहीही बदलत नाही. हा योगायोग नाही, तुमच्या नियमाचं गणितच तसं आहे.

मी छोटा भागधारक आहे, त्यामुळे माझं हित यात उघड आहे. पण प्रश्न डीमॅट खातं असलेल्यांपुरता उरलेला नाही. २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीतल्या नव्या पैशाचा काही भाग ईटीएफमार्फत, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या निर्देशांक फंडांमार्फत, शेअर बाजारात जातो. भोसरीच्या कारखान्यातल्या ज्या फिटरने आयुष्यात एक शेअर विकत घेतला नाही, त्याचीही पुंजी आज निफ्टी-सेन्सेक्समधल्या कंपन्यांत आहे. मंडळाच्या खोलीत त्याची बाजू कोणी घ्यायची? कंपनी कायदा, २०१३ ची चौथी अनुसूची उत्तर देते: स्वतंत्र संचालकाने. सर्व हितसंबंधीयांचं, विशेषतः अल्पसंख्य भागधारकांचं हित जपणं हे तिथे त्याचं काम म्हणून नोंदवलं आहे. त्याला निवडायचं, पैसे द्यायचे आणि निरोप द्यायचा अधिकार मात्र ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती राहिला आहे. माझ्या सगळ्या तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

पहिली तक्रार: निवड

कागदावरची पद्धत चोख आहे. उमेदवाराचं नाव मानेसरच्या भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेच्या डेटा बँकेत हवं. अनुभवामुळे सूट नसेल तर दोन वर्षांत ऑनलाइन स्वयंमूल्यमापन चाचणी द्यायची, ५० टक्के गुण मिळवायचे, आणि प्रयत्नांना मर्यादा नाही. मग डीआयआर-२ या अर्जात संमती, कंपनी कायद्याच्या कलम १४९(७) खाली स्वातंत्र्याचं घोषणापत्र, नामनिर्देशन व मानधन समितीची शिफारस, मंडळाकडून अतिरिक्त संचालक म्हणून नेमणूक, ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नेमणुकीचा डीआयआर-१२ अर्ज, आणि पुढची सर्वसाधारण सभा किंवा तीन महिने यांतलं जे आधी येईल तोवर भागधारकांची मंजुरी.

या साखळीत एक प्रश्न कुठेच विचारलेला नाही. मुळात नाव सुचवलं कोणी? बऱ्याच ठिकाणी ते प्रवर्तकाकडून, त्याच्या वकिलाकडून किंवा मंडळावर आधीच असलेल्या एखाद्या स्नेह्याकडून येतं आणि समितीसमोर एकच नाव ठेवलं जातं. समितीत दोन तृतीयांश स्वतंत्र संचालक असले तरी ते स्वतः याच वाटेने आलेले असतात.

आता मतदान. १ जानेवारी २०२२ पासून लिस्टेड कंपनीत स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला, पुनर्नियुक्तीला आणि हकालपट्टीला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत. ऐकायला ही अट कडक वाटते. प्रवर्तकाकडे ७५ टक्के शेअर असतील, आणि एवढे ठेवायला तुमची परवानगी आहे, तर उरलेल्या २५ टक्क्यांनी एकमुखाने विरोध केला तरी ७५ हे २५ च्या बरोबर तिप्पट. ठराव मंजूर. अशा कंपनीत तो नापास होणं गणितानेच अशक्य आहे. प्रवर्तकाकडे ६० टक्के धरा. बाहेरच्या ४० टक्क्यांपैकी निम्म्यांनी मत दिलं आणि ते सगळं विरोधात गेलं, तर ६० विरुद्ध २०. पुन्हा मंजूर. प्रवर्तक ५१ टक्क्यांवर असला तरी ठराव पाडायला १७ टक्क्यांहून जास्त विरोधी मतं जमवावी लागतात, म्हणजे बाहेरच्या ४९ टक्क्यांतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा गट. हजारो खात्यांत विखुरलेल्या शेअरांच्या बाबतीत एवढी जमवाजमव म्युच्युअल फंडांनी मनावर घेतल्याशिवाय होत नाही.

दुःख याचं की सेबीला हे माहीत होतं. मार्च २०२१ मधल्या तुमच्याच चर्चापत्रात दुहेरी मंजुरीचा प्रस्ताव होता: सर्व भागधारकांचा साधारण ठराव, आणि त्याशिवाय प्रवर्तक वगळून उरलेल्यांचं स्वतंत्र बहुमत. जूनमध्ये सेबीच्या बैठकीतून नियम बाहेर आला तेव्हा दुसरी अट गळाली होती आणि तिच्या जागी विशेष ठराव आला होता. तो निर्णय मला आजही मान्य नाही.

प्रवर्तकाला मतदानापासून दूर ठेवणं तुम्हाला अवघड नाही, हे तुमच्याच नियमांतून दिसतं. लिस्टेड कंपन्यांसाठीची तुमची नियमावली म्हणजे एलओडीआर. तिच्या नियम २३ प्रमाणे मोठ्या संबंधित-पक्ष व्यवहाराला, म्हणजे प्रवर्तक किंवा त्याच्या इतर कंपन्यांशी होणाऱ्या व्यवहाराला, भागधारकांची मंजुरी घेताना कोणत्याही संबंधित पक्षाला बाजूने मत देता येत नाही. कारण उघड आहे, त्याचा स्वार्थ गुंतलेला असतो. पण तोच व्यवहार आधी ऑडिट कमिटीत, म्हणजे मंडळाच्या हिशेब पाहणाऱ्या समितीत, तपासला जातो, आणि जानेवारी २०२२ पासून तिथे त्यावर निर्णय फक्त स्वतंत्र सदस्य घेतात. म्हणजे व्यवहारावर मत द्यायला प्रवर्तकाला मज्जाव, आणि तो व्यवहार तपासणारा माणूस निवडायला पूर्ण मोकळीक.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तुम्ही आणखी एक वाट काढलीत. विशेष ठराव पडला, तरी एकूण मतांत आणि सार्वजनिक, म्हणजे प्रवर्तक वगळून उरलेल्या, भागधारकांच्या मतांतही बाजूची मतं जास्त असतील, तर नेमणूक झाली असं मानायचं. म्हणजे सार्वजनिक भागधारकांची मतं वेगळी मोजण्याची यंत्रणा आज हयात आहे. ती फक्त नापास झालेल्या ठरावाला उचलून धरण्यासाठी वापरली जाते. हीच मोजणी पहिल्या फेरीत अट म्हणून लावायला हरकत काय? ब्रिटनमध्ये नियंत्रक भागधारक असलेल्या प्रीमियम लिस्टेड कंपन्यांना २०१४ पासून अशी दुहेरी मतमोजणी लागू झाली. इस्रायलमध्ये 'बाह्य संचालक' निवडताना नियंत्रकाबाहेरच्या मतांना वेगळं वजन आहे. तिथल्या कंपन्या काही बंद पडल्या नाहीत.

दुसरी तक्रार: निरोप

डिसेंबर २०१६ मध्ये टाटा स्टील, टाटा मोटर्स आणि टाटा केमिकल्स या तीन कंपन्यांच्या विशेष सभा मुंबईत भरल्या आणि स्वतंत्र संचालक नुस्ली वाडिया यांना साध्या ठरावाने दूर करण्यात आलं. ऑक्टोबरमध्ये सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटवल्यानंतरच्या वादातला हा भाग. बाजू कोणाची बरोबर होती यात मी पडत नाही. पण ज्याला नेमायला विशेष काळजी घ्यावी असं कायदा म्हणतो, त्याला घालवायला साधं बहुमत पुरतं, हे त्या तीन सभांनी सगळ्यांना दाखवलं. त्यानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये मंत्रालयाने दुसऱ्या मुदतीतल्या स्वतंत्र संचालकासाठी विशेष ठराव आवश्यक केला, पुढे सेबीने तो सर्वांना लावला. हे चांगलं झालं.

मात्र खरा निरोप सभेत दिला जात नाही. पहिली पाच वर्षं संपतात, आणि दुसऱ्या मुदतीसाठी नाव पुढेच पाठवलं जात नाही. नोटिशीत ठराव नाही, मतदान नाही, कारण नाही. शेअर बाजाराला 'मुदत संपल्याने पदमुक्त' अशी दोन ओळींची सूचना जाते. पुनर्नियुक्ती मूल्यमापनावर आधारलेली असावी असं चौथी अनुसूची सांगते, आणि ते मूल्यमापन करतं संपूर्ण संचालक मंडळ, प्रवर्तक आणि कार्यकारी संचालकांसह. ज्याने वर्षभर अडचणीचे प्रश्न विचारले त्याला गुण देणारे तेच, ज्यांना ते प्रश्न विचारले गेले. उलट दिशेने, स्वतंत्र संचालकांची वर्षातून किमान एकदा व्यवस्थापनाविना जी बैठक व्हायला हवी, ती पुष्कळ कंपन्यांत मुख्य बैठकीच्या आधीच्या अर्ध्या तासात उरकतात आणि अध्यक्षांचं, कार्यकारी संचालकांचं काम 'समाधानकारक' ठरवून चहाला येतात.

तिसरी तक्रार: पैसा

स्वतंत्र संचालकाला फार पैसे मिळतात, अशी ओरड नेहमी होते. माझी तक्रार रकमेबद्दल नाही, ती कशाला बांधली आहे याबद्दल आहे.

बैठकीमागे सिटिंग फी जास्तीत जास्त १ लाख रुपये. जुन्या कायद्याखाली ही मर्यादा २० हजार होती. त्यावर कमिशन: कंपनीत पूर्णवेळ किंवा व्यवस्थापकीय संचालक असेल तर सगळ्या बिगर-कार्यकारी संचालकांना मिळून निव्वळ नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत, नसेल तर ३ टक्क्यांपर्यंत. वरची मर्यादा भागधारक मंजूर करतात, पण कोणाच्या वाट्याला किती हे मंडळ ठरवतं, तेही सहसा वर्ष संपून नफा कळल्यावर.

समजा कंपनी कायद्याच्या कलम १९८ मधल्या हिशेबाप्रमाणे नफा ५०० कोटी. कमिशनची कमाल रक्कम ५ कोटी, पाच जणांत वाटली तर माणशी १ कोटी. ऑडिट कमिटीत बसून एखाद्याने आग्रह धरला की ही ५० कोटींची येणी बुडालेली आहेत, निर्लेखित करा, तर त्याने स्वतःची आणि सहकाऱ्यांची मिळून कमाल रक्कम ५० लाखांनी खाली आणली. कलम १४९(९) स्वतंत्र संचालकाला स्टॉक ऑप्शन घ्यायला मनाई करतं, कारण शेअरच्या भावात त्याचा स्वार्थ अडकू नये. त्याच कलमात पुढे नफ्यावरच्या कमिशनला मुभा आहे. नफ्याचा आकडा खरा आहे का हे पाहणं हेच ज्याचं पहिलं काम, त्याचं मानधन त्याच आकड्याला बांधायचं, यामागचा विचार मला आजवर कोणी पटवून दिलेला नाही.

पर्याय शोधायला परदेशात जायचीही गरज नाही. फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेने जून २०१५ मध्ये खासगी बँकांच्या बिगर-कार्यकारी संचालकांना वर्षाला १० लाखांच्या मर्यादेत नफ्याशी जोडलेलं कमिशन घेऊ दिलं होतं. २६ एप्रिल २०२१ च्या परिपत्रकात तिने पद्धतच बदलली: अध्यक्ष सोडून इतरांना ठरावीक वार्षिक मानधन, मर्यादा २० लाख. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ३० लाख केली. बँकांना जे जमलं ते सिमेंट, औषधं आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना न जमायला कारण नाही.

मंत्रालयानेही मार्च २०२१ मध्ये एक दार उघडलं आहे. नफा नसलेल्या किंवा अपुरा असलेल्या कंपनीत स्वतंत्र संचालकाला पाचव्या अनुसूचीप्रमाणे मानधन देता येतं: परिणामी भांडवल (कायद्याच्या सूत्राने मोजलेलं कंपनीचं भांडवल) ५ कोटींखाली असेल तर वर्षाला १२ लाखांपर्यंत, ५ ते १०० कोटींत १७ लाख, १०० ते २५० कोटींत २४ लाख, त्यावर २४ लाख अधिक वाढीव भांडवलाच्या ०.०१ टक्के. म्हणजे नफ्याशिवाय मानधन देण्याचं तत्त्व कायद्याने मानलं आहे. ते तोट्यातल्या कंपन्यांपुरतं अडवून ठेवलं आहे, एवढंच.

दुसरं टोक छोट्या कंपन्यांचं. तिथे बैठकीला दहा-वीस हजार रुपये आणि बाकी काही नाही. ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाने तिमाही निकाल, अंतर्गत लेखापरीक्षकाचे अहवाल, संबंधित-पक्ष व्यवहारांची यादी हे सगळं खरोखर वाचायचं म्हटलं तर दर तिमाहीला कित्येक दिवस जातात. एवढ्या पैशात ते वाचायला कोणी बसत नाही, सही करायला बसतात. २०१७ मध्ये सेबीनेच नेमलेल्या उदय कोटक समितीने किमान मानधनाची शिफारस केली होती. ती नियमांत उतरली नाही.

चौथी तक्रार: पार्श्वभूमी

इथे थोडक्यात. आपले निकष नातं आणि पैसा मोजतात. कंपनीशी आर्थिक संबंध स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या आत, नातलगांसह मतदानहक्क २ टक्क्यांखाली, गेल्या तीन आर्थिक वर्षांत नोकरी नाही, ज्या कायदा वा सल्लागार फर्मचे कंपनीशी व्यवहार तिच्या उलाढालीच्या १० टक्क्यांवर आहेत त्यात भागीदारी नाही. हे ठीक आहे. एकाच वर्गातले मित्र, एकाच क्लबचे सदस्य, हे यातल्या कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत.

आणि नुसती मोठी नावं काय कामाची, हे हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीने दाखवलं. त्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता होते, माजी कॅबिनेट सचिव होते, पेंटियम चिपशी नाव जोडलेले अभियंते होते. १६ डिसेंबर २००८ रोजी या मंडळाने प्रवर्तक कुटुंबाच्या मायटास प्रॉपर्टीज आणि मायटास इन्फ्रा सुमारे १६० कोटी डॉलरना घ्यायला एकमताने मंजुरी दिली. बाजार खवळला म्हणून काही तासांत व्यवहार मागे घेतला गेला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, कंपनीचे संस्थापक अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीपत्र आलं: ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकांकडून शिलकीचं थेट प्रमाणपत्र मागवा, हे सांगायला हार्वर्ड लागत नाही. काही महिन्यांपूर्वीच कंपनीला सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता, हे जाता जाता.

सरकारी कंपन्यांची गोष्ट निराळीच. तिथे स्वातंत्र्याबद्दलचं मत मंडळाचं नसतं, मंत्रालयाचं असतं. खुर्च्या महिनोन् महिने रिकाम्या राहतात. शेअर बाजार एलओडीआरच्या नियम १७(१) खाली दिवसाला ५,००० रुपये दंड लावतात. चर्चगेटची हिंदुस्तान पेट्रोलियम आणि बॅलार्ड इस्टेटची भारत पेट्रोलियमसुद्धा यातून सुटलेल्या नाहीत. कंपन्यांचं उत्तर तयार असतं, की नेमणूक आमच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे. ते खरंही आहे. मग दंड भरायचा कंपनीने, म्हणजे तिच्या भागधारकांनी, आणि जागा रिकामी ठेवणाऱ्या मंत्रालयाला झळ शून्य. तीन महिन्यांचे साडेचार लाख रुपये ही एवढ्या मोठ्या कंपनीसाठी रक्कम तरी आहे का?

पाचवी तक्रार: कागद

मंडळाच्या बैठका कशा घ्यायच्या हे सांगणाऱ्या सचिवीय मानक-१ प्रमाणे अजेंडा आणि टिपणं सात दिवस आधी मिळायला हवीत. अपवाद आहे अप्रकाशित, भावावर परिणाम करणाऱ्या माहितीचा. तिच्या नोट्स कमी मुदतीत देता येतात, आणि त्यासाठीची सर्वसाधारण संमती वर्षाच्या पहिल्याच बैठकीत घेऊन ठेवता येते. गंमत अशी की तिमाही निकाल हीच भावावर परिणाम करणारी माहिती. म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा कागद सगळ्यांत उशिरा, आदल्या संध्याकाळी टॅबलेटवर येऊन पडतो. कर्मचारी कल्याणाचं धोरण मात्र आठवडाभर आधी.

संबंधित-पक्ष व्यवहारांना वर्षाच्या सुरुवातीला सरसकट मंजुरी देता येते, तिची मुदत एक वर्ष. आधी अंदाज न आलेल्या व्यवहारांना प्रत्येकी १ कोटीपर्यंत सूट. ऑडिट कमिटीने दर तिमाहीला आढावा घ्यायचा. बिघडतं कुठे? मर्यादा इतकी ऐसपैस ठरवतात की वर्षभर कुठलाच व्यवहार तिला टेकत नाही, आणि भाव बाजाराप्रमाणे आहे हे सांगणारं प्रमाणपत्र व्यवस्थापनाने निवडलेल्या फर्मचं असतं. स्वतंत्र संचालकाने तीन गोष्टी मागितल्या तरी पुष्कळ उजेड पडेल: याच मालाला बाहेरच्या पुरवठादाराने दिलेला भाव, आगाऊ दिलेली रक्कम किती दिवस समोरच्याकडे पडून आहे, आणि गेल्या वर्षीच्या मंजुरीपैकी प्रत्यक्षात किती वापरली गेली.

मग इतिवृत्त. मसुदा १५ दिवसांत फिरवायचा, संचालकांनी सात दिवसांत हरकती कळवायच्या, ३० दिवसांत नोंद पक्की. कलम ११८ प्रमाणे विरोध करणाऱ्याचं नाव लिहिणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात तासभराच्या वादाचं 'सविस्तर चर्चेअंती मंजूर' असं एका ओळीत लोणचं घातलं जातं. मंडळाचं इतिवृत्त पाहायचा हक्क भागधारकाला नाही, फक्त सर्वसाधारण सभेचं पाहता येतं. व्यवसायाची गुपितं असतात, मान्य. पण विरोध झाला की नाही, एवढं कळण्याने कुठलं गुपित फुटतं?

जबाबदारीच्या कलमाचाही इथे संबंध येतो. कलम १४९(१२) प्रमाणे स्वतंत्र संचालक जबाबदार ठरतो तो मंडळाच्या कामकाजातून त्याला जे कळलं आणि ज्याला त्याची संमती वा मूक साथ होती, किंवा जिथे त्याने दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरता. कायद्याचा हेतू रास्त आहे, निष्पाप माणूस कोर्टात ओढला जाऊ नये. परिणाम मात्र असा झाला की न विचारणं हे विचारण्यापेक्षा सुरक्षित वाटू लागलं. दक्षता म्हणजे नेमकं काय, याची किमान यादी तुम्ही दिलीत तर हे आपोआप बदलेल.

सहावी तक्रार: राजीनामे

नियमाप्रमाणे राजीनामापत्र सात दिवसांत शेअर बाजाराला जातं, त्यात सविस्तर कारणं हवीत आणि याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही अशी खात्रीही हवी. प्रत्यक्षात 'वैयक्तिक कारणे' आणि 'इतर व्यावसायिक व्यग्रता' हे दोन साचे वापरात आहेत. मार्च २०२१ च्या चर्चापत्रात यावरही उपाय होता: अशी कारणं देऊन बाहेर पडणाऱ्याने वर्षभर दुसऱ्या मंडळावर जायचं नाही. व्यग्रता खरी असेल तर यात नुकसान काहीच नव्हतं. अंतिम नियमांत तेही उरलं नाही.

१५ एप्रिल २०२५ ला सेबीने जेनसोल इंजिनिअरिंगविरुद्ध अंतरिम आदेश काढला. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी घेतलेल्या कर्जातला पैसा प्रवर्तकांच्या खासगी कामांकडे, अगदी गुरुग्राममधल्या आलिशान घराकडे वळल्याचं त्यात नमूद आहे. ६,४०० गाड्यांसाठी ६६३.८९ कोटींचं कर्ज, आणि घेतलेल्या गाड्या ४,७०४. आदेश आल्यानंतर दोन दिवसांत स्वतंत्र संचालकांचे राजीनामे सुरू झाले. वरातीमागून घोडं. गाड्यांची संख्या कर्जाच्या रकमेशी ताडून पाहायला गुप्तहेर लागत नाही.

याच्या उलटही घडतं. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या येस बँकेच्या ऑडिट कमिटीचे अध्यक्ष कारभाराबद्दलच्या तक्रारी लेखी मांडून बाहेर पडले. त्यांच्याच पात्रतेचा प्रश्न मंडळापुढे आहे, असं बँकेने उत्तर दिलं. ५ मार्चला बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना ५० हजारांची मर्यादा पडली. मधल्या आठ आठवड्यांत त्या पत्रातल्या मुद्द्यांचं काय झालं, हे भागधारकाला कळण्याची सोय तुमच्या चौकटीत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

मागण्या

एक. जिथे प्रवर्तकगट आहे तिथे स्वतंत्र संचालकाची नेमणूक व पुनर्नियुक्ती सार्वजनिक भागधारकांच्या वेगळ्या बहुमताशिवाय पक्की होऊ नये. २०२२ ची मोजणी पहिल्या फेरीत आणा. नाव कोणी सुचवलं आणि किती जणांचा विचार झाला, हे नोटिशीत छापा.

दोन. पहिल्या मुदतीनंतर नाव पुढे न पाठवल्यास कारण जाहीर व्हावं, आणि जाणाऱ्या संचालकाला स्वतःचं निवेदन जोडण्याचा हक्क असावा.

तीन. नफ्यावरचं कमिशन बंद करा. पाच वर्षांचं ठरावीक मानधन नियुक्तीपत्रात लिहा, ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाला जास्त, आणि छोट्या कंपन्यांसाठी किमान पातळी ठरवा.

चार. कलम १५१ जिवंत करा. छोट्या भागधारकांनी निवडलेला एक संचालक लिस्टेड कंपनीत 'असू शकतो' असं हे कलम म्हणतं. त्यासाठी १,००० छोटे भागधारक किंवा त्यांच्या एकूण संख्येच्या एक दशांश, यांतले कमी असतील तेवढ्यांची नोटीस सभेच्या १४ दिवस आधी द्यावी लागते. छोटा म्हणजे दर्शनी मूल्याने २० हजार रुपयांपर्यंतचे शेअर बाळगणारा. १ रुपया दर्शनी मूल्याचे २०,००० शेअर ५०० रुपये भावाने १ कोटीचे होतात, तोही यात बसतो, म्हणजे जाळं बऱ्यापैकी मोठं आहे. अडतं ते सह्या गोळा करण्यात: भागधारकांनी एकमेकांना शोधायचं कसं? डीमॅट खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल आणि सीडीएसएलच्या ई-व्होटिंग व्यवस्थेत अशा नोटिशीला पाठिंबा देण्याची सोय करा, आणि संख्या भरल्यावर निवडणूक घेणं कंपनीला बंधनकारक करा. पहिलं काम सेबीचं, दुसऱ्यासाठी मंत्रालयाने कायद्यातला तो एक शब्द बदलायचा.

पाच. तिमाही कॉर्पोरेट गव्हर्नन्स अहवालात चार रकाने वाढवा: किती विषयांवर विरोध नोंदला गेला, किती कागद सात दिवसांपेक्षा कमी मुदतीत आले, सरसकट मंजुरीपैकी किती वापरली गेली, आणि स्वतंत्र संचालकांची वेगळी बैठक किती मिनिटं चालली.

सहा. मुदतीआधी राजीनामा देणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र संचालकाशी सेबीच्या अधिकाऱ्याने १५ दिवसांत बोलावं आणि नोंद ठेवावी. 'व्यग्रता' हे कारण असेल तर वर्षभर नवं मंडळ नाही.

सात. सरकारी कंपनीतली जागा तीन महिन्यांहून जास्त रिकामी राहिली, तर ती कोणत्या मंत्रालयाच्या टेबलावर अडली आहे हे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावासमोर दिसावं.

यांतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मागणीला कायद्यात बदल लागत नाही, एलओडीआरमधली दुरुस्ती पुरते. पहिलीलाही तेवढीच पुरेल. वेळेचं म्हणाल, तर जुन्या संचालकांची दोन मुदतींची दहा वर्षं ३१ मार्च २०२४ ला संपली आणि त्या सुमारास मंडळांवर नव्या माणसांची मोठी भरती झाली. १ एप्रिल २०२४ ला आलेल्यांची पहिली मुदत ३१ मार्च २०२९ ला संपते. त्यांच्या पुनर्नियुक्तीच्या नोटिसा २०२८ च्या सभांपासून निघू लागतील. चर्चापत्र, हरकती, सेबीच्या बैठकीतली मंजुरी आणि राजपत्र एवढं सगळं त्याआधी सहज बसतं. चर्चापत्र या वर्षी काढा. त्यावरच्या हरकती आम्ही मुदतीत पाठवू.

आपला,
एक भागधारक